आयलीन पॉवर आणि मध्ययुगीन युरोपची साधने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयलीन पॉवर कोण होत्या?

आयलीन पॉवर या इंग्लंडमधील मध्ययुगीन आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक होत्या. त्यांचा जन्म ९ जानेवारी १८८९ रोजी चेशर परगण्यातील ऑल्ट्रिंगम येथे झाला आणि ८ ऑगस्ट १९४० रोजी लंडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने, वयाच्या अवघ्या ५१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. केंब्रिजमधील गर्टन कॉलेजात आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी अध्यापन केले, आणि १९३१ मध्ये त्या लंडनला आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. विद्वानांमध्ये त्यांचे नाव मठांच्या आणि लोकरीच्या व्यापाराच्या संशोधनामुळे घेतले जाते. परंतु गेल्या शंभर वर्षांत मध्ययुगाशी ज्यांची पहिली ओळख झाली, त्या असंख्य विद्यार्थ्यांना त्या माहीत आहेत त्या १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिडीव्हल पीपल' या आटोपशीर पुस्तकामुळे. या पानावरील बहुतेक प्रश्नही त्या पुस्तकाभोवतीच फिरतात.

त्यांची जडणघडण कशी झाली?

बालपण सुखाचे नव्हते. वडील शेअर दलाल होते आणि फसवणुकीच्या प्रकरणात त्यांना तुरुंगवास झाला. आयलीन चौदा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. तिघी बहिणींचा सांभाळ ऑक्सफर्डला मावश्यांनी केला. शिष्यवृत्तीवर शिकत आयलीन गर्टनला पोहोचल्या आणि १९१० मध्ये केंब्रिजच्या इतिहास परीक्षेच्या दोन्ही भागांत प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. असे असूनही त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली नाही, कारण तेथे स्त्रियांना परीक्षेला बसता येत असे, मात्र पूर्ण पदवीचा हक्क १९४८ पर्यंत नव्हता.

त्यांच्या पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९१०–११ हे होय. ते त्यांनी पॅरिसमध्ये काढले. तेथील एकोल दे शार्त ही संस्था जुनी हस्तलिखिते वाचणे, त्यांची सत्यता पारखणे आणि ती संपादित करणे यांचे रीतसर शिक्षण देणारी. तिचा परिचय आणि शार्ल-व्हिक्तोर लांग्लुआ यांच्यासारख्या कडक शिस्तीच्या इतिहासकाराचे मार्गदर्शन या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वर्षात लाभल्या. पॉवर यांचे लेखन इतके हलकेफुलके वाटते की त्यामागची ही तालीम सहज विसरली जाते, आणि 'त्या गोष्टीवेल्हाळ लेखिका होत्या' असा शेरा मारणारे तर ती हमखास विसरतात.

मध्ययुगीन साधने विद्यार्थ्यांना इतकी अवघड का जातात?

पहिली अडचण भाषेची आहे. बहुसंख्य कागदपत्रे लॅटिनमध्ये आहेत आणि उरलेली जुन्या फ्रेंच, इंग्रजी, जर्मन किंवा इटालियन बोलींमध्ये. दुसरी लिपीची : ओळखीची रोमन अक्षरेही आठशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाच्या हातून उतरली की ओळखू येत नाहीत, शिवाय जवळजवळ प्रत्येक शब्द संक्षेपाने लिहिलेला असतो. एकोणिसाव्या शतकात फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड येथील संपादकांनी शेकडो छापील खंड काढून ही दुसरी अडचण बरीचशी दूर केली. पहिली मात्र तशीच राहिली.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे आणि ती भाषांतरानेही सुटत नाही. हे कागद विद्यार्थ्यांशी बोलत नाहीत. जमिनीची मोजदाद, करांचे आकडे, बिशपच्या तपासणीचे अहवाल, मृत्युपत्रे, हिशेबाच्या वह्या यांपैकी काहीही वाचकासाठी लिहिलेले नाही. ते कामकाजाचे कागद आहेत. त्यांतून माणूस कसा शोधायचा, कोणता प्रश्न विचारला म्हणजे कागद उत्तर देतो, हे कुणीतरी समोर बसून दाखवावे लागते. पॉवर यांनी नेमके हे दाखवण्याचे काम केले.

'मिडीव्हल पीपल' हे पुस्तक साधनसंग्रह आहे का?

नाही, आणि तरीही ते कोणत्याही साधनसंग्रहापेक्षा साधनांविषयी अधिक शिकवते, असे माझे मत आहे. त्यात मुळात सहा प्रकरणे आहेत आणि प्रत्येक प्रकरणाला एक माणूस आहे : फ्रँक राज्यातील शेतकरी बोडो, व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो, मठाच्या प्रमुख मादाम एग्लंटाइन, पॅरिसमधील एका गृहस्थाची तरुण पत्नी, लोकरीचा व्यापारी टॉमस बेटसन आणि एसेक्समधील कापड-उत्पादक टॉमस पेकॉक. राजे, पोप आणि सेनापती यांना मुद्दाम वगळले आहे. मार्को पोलो सोडला तर यांतील कोणीही त्या काळी फारसे प्रसिद्ध नव्हते, आणि मादाम एग्लंटाइन तर कवीने घडवलेले पात्र आहे.

वरवर पाहता ही सहा व्यक्तिचित्रे आहेत. थोडे बारकाईने पाहिले की लक्षात येते की प्रत्येक व्यक्ती एकेका प्रकारच्या साधनासाठी निवडली आहे. बोडो म्हणजे जमीनदारीची नोंदवही, मार्को पोलो म्हणजे प्रवासवर्णन, एग्लंटाइन म्हणजे बिशपांची दप्तरे आणि त्यांच्या जोडीला कवीचे निरीक्षण, पॅरिसची गृहिणी म्हणजे उपदेशपर ग्रंथ, बेटसन म्हणजे खासगी पत्रव्यवहार, आणि पेकॉक म्हणजे मृत्युपत्र व अजून उभे असलेले घर. विद्यार्थी सहा गोष्टी वाचून पुस्तक मिटतो तेव्हा त्याने नकळत ऐतिहासिक साधनांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. शेवटी दिलेल्या टिपांमध्ये कोणती माहिती कोठून घेतली तेही सांगितले आहे.

बोडोविषयी मूळ कागदात किती माहिती आहे?

एक परिच्छेद, त्याहून अधिक नाही. पॅरिसजवळील सँ-जेर्मँ-दे-प्रे या मठाचे प्रमुख इर्मिनॉन यांनी नवव्या शतकाच्या आरंभी मठाच्या सगळ्या गावांची एक मोठी नोंदवही तयार करवली. कोणत्या शेतावर कोणते कूळ राहते, त्याचे कुटुंब किती, जमीन किती आणि मठाला देणे काय, एवढेच तिच्यात आहे. फ्रेंच विद्वान बेंजामँ गेरार यांनी १८४४ मध्ये ती छापली. सत्तर-ऐंशी वर्षे ती तज्ज्ञांच्या टेबलावर पडून होती, म्हणजे जमीनधारणेच्या वादांत तिचा उपयोग होत होता, पण शाळा-कॉलेजातील कोणी ती उघडण्याचे कारण नव्हते.

त्या वहीतील नोंदीनुसार बोडो, त्याची पत्नी अर्मेनट्रूड आणि तीन मुले एका हिश्शावर राहतात. त्यात पिकाखालची जमीन, थोडा द्राक्षमळा आणि कुरण आहे. सैन्यासाठी चांदीचे दोन शिलिंग आणि जंगलात डुकरे चारण्याच्या हक्काबद्दल दोन पिंपे वाइन हे त्याचे देणे. दर तिसऱ्या वर्षी कुंपणासाठी शंभर फळ्या आणि तीन वासे द्यायचे. हिवाळी आणि वासंतिक पेरणीच्या वेळी मठाच्या जमिनीचा ठरलेला भाग नांगरून द्यायचा. आठवड्यातून दोन दिवस वेठ आणि एक दिवस हातकाम. याखेरीज तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी, आणि सांगितले जाईल तेव्हा गाडीने माल वाहून नेणे.

अशी रूक्ष यादी समोर आली की बहुतेक शिक्षक ती 'मध्ययुगीन कुळांवरील बोजा' या मथळ्याखाली टाकून पुढे जातात. पॉवर तसे करत नाहीत. त्या यादीतील प्रत्येक बाब दिवसाच्या कोणत्या तरी वेळेला नेऊन लावतात. वेठ आहे म्हणजे बोडो पहाटे बैल घेऊन मठाच्या शेताकडे निघाला. कोंबड्या आणि अंडी आहेत म्हणजे अर्मेनट्रूडला ती कारभाऱ्याकडे पोहोचवायला मोठ्या वाड्यावर जावे लागले. बोडो आपल्या मुलाला, विडोला, पराणी देऊन सोबत नेतो. असेच दृश्य इंग्लंडमधील एल्फ्रिक नावाच्या धर्मगुरूने इ.स. १००० च्या सुमारास मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी लिहिलेल्या संवादात आहे, जिथे नांगऱ्या सांगतो की बैल हाकणारे पोर थंडीने आणि ओरडून घोगरे झाले आहे. शेतावर पुटपुटले जाणारे मंत्र, जखमेतील किडा बाहेर काढण्याचा तोडगा, सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात नाचगाणे करू नये अशा धर्मपरिषदांच्या ताकिदी, फ्रँक सम्राट शार्लमेनच्या आज्ञापत्रांतील कलमे असे तुकडे त्या एकेक करून जोडत जातात. ताकीद वारंवार निघते याचाच अर्थ लोक वारंवार नाचत होते, हे अनुमान त्या वाचकाला स्वतः काढू देतात.

मग हे कल्पित लेखन नव्हे काय? इतिहास कोठे संपतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि तो रास्त आहे. बोडो, त्याची बायको, मुलांची नावे, जमीन आणि देणी ही नोंदलेली आहेत. त्या दिवशी सकाळी बोडो कुरकुरत घराबाहेर पडला, हे नोंदलेले नाही. पॉवर या दोन गोष्टी एकत्र गुंफतात, परंतु चोरून नव्हे. कोणता तपशील नोंदवहीतील, कोणता दुसऱ्या प्रदेशातील आणि कोणता शे-दोनशे वर्षे नंतरच्या साधनातील, हे शोधायचे म्हटले तर शोधता येते.

माझ्या मते अडचण कल्पनेची नाही, काळाच्या अंतराची आहे. नवव्या शतकातील पॅरिसचे कूळ समजावताना अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील इंग्रज नांगऱ्याची मदत घेतली, तर 'शेतकऱ्याचे जीवन बदलतच नाही' असे गृहीत त्यात शिरते. वर्गात हे प्रकरण शिकवताना विद्यार्थ्यांना एक साधे काम द्यावे : प्रत्येक वाक्याशेजारी समासात त्याचे साधन आणि साधनाचा काळ लिहून काढावा. दोन पानांतच त्यांना अनुमानाची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही दिसू लागतात.

मादाम एग्लंटाइन तर चॉसरच्या काव्यातील पात्र आहे. तिचा इतिहास कसा लिहिला?

इंग्रज कवी चॉसरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस 'कँटरबरी टेल्स'मध्ये यात्रेला निघालेली एक मठप्रमुख नन रंगवली आहे : जेवताना नीटनेटकी, लहान कुत्र्यांना चांगलेचुंगले भरवणारी, कपाळ उघडे ठेवणारी, हातात सोन्याचे ब्रोच मिरवणारी. साहित्याचे अभ्यासक यातील उपरोधाची चर्चा करतात. पॉवर यांनी वेगळा प्रश्न विचारला : अशी नन खरोखर असे का? उत्तरासाठी त्या बिशपांच्या नोंदवह्यांकडे वळल्या. बिशप ठरावीक काळाने मठांना भेट देत, प्रत्येक ननला एकेकटी बोलावून तक्रारी विचारत, आणि कारकून ते सगळे लिहून घेत. या वह्यांमध्ये कुत्री चर्चमध्ये आणू नका, रेशमी बुरखे आणि दागिने नकोत, नाचगाणे नको, असे आदेश शतकानुशतके येत राहतात. चॉसरच्या प्रत्येक बारीक ओळीला दप्तराचा आधार सापडतो, आणि त्यामुळे कवीची नजर किती तीक्ष्ण होती हेही कळते.

याच दप्तरांतील एक प्रसंग पॉवर यांना फार आवडत असावा, कारण त्यांनी तो रंगवून सांगितला आहे. पोप बॉनिफेस आठवे यांनी १२९८ मध्ये सर्व नन्सनी मठाबाहेर पाऊल टाकू नये असा फतवा काढला. लिंकनचे बिशप तो घेऊन आपल्या हद्दीतील मार्कयेट येथील मठात गेले, त्यांनी तो वाचून दाखवला, त्याची प्रत ठेवली आणि घोड्यावर बसून निघाले. नन्स दारापर्यंत त्यांच्या मागे धावल्या आणि 'आम्ही हे पाळणार नाही' असे ओरडत त्यांनी तो फतवा बिशपवरच भिरकावला. स्वतः बिशपच्या दप्तरात हे नोंदलेले आहे, म्हणून ते विश्वसनीय. हे सारे 'मिडीव्हल पीपल'च्या दोन वर्षे आधी, १९२२ मध्ये, त्यांनी इंग्लंडमधील नन्सच्या मठांवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात सविस्तर आले होते. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले प्रकरण म्हणजे त्या शेकडो पानांचा अर्क आहे.

'गुडमन ऑफ पॅरिस' म्हणजे काय?

हे पॉवर यांनी १९२८ मध्ये केलेले भाषांतर. मूळ पुस्तक जुन्या फ्रेंचमध्ये आहे आणि ते पॅरिसमधील एका सुखवस्तू, वयस्क गृहस्थाने १३९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लिहिले. त्याची बायको लग्नाच्या वेळी पंधरा वर्षांची होती. तिने नवऱ्याला विनंती केली होती की चुकले तर परक्यांसमोर किंवा नोकरांसमोर बोलू नका, रात्री आपल्या खोलीत समजावून सांगा. त्या विनंतीला उत्तर म्हणून त्याने हे अख्खे पुस्तक लिहिले. आपण आधी जाणार आणि ही दुसरे लग्न करणार हे त्याने धरूनच ठेवले आहे, आणि पुढच्या नवऱ्याने 'हिला कोणी शिकवले?' असे विचारावे एवढीच त्याची अपेक्षा आहे.

त्यात प्रार्थना आणि पातिव्रत्याचे धडे आहेत, बागकाम आहे, नोकर कसे नेमावेत हे आहे, मेजवान्यांचे बेत आणि पाककृती आहेत, आणि पिसवा घालवण्याचे सहा उपायही आहेत. खोलीत अल्डर झाडाची पाने पसरावीत. किंवा पावाच्या शिळ्या तुकड्यांवर डिंक अथवा टर्पेंटाइन लावून मध्ये मेणबत्ती ठेवावी म्हणजे रात्री पिसवा येऊन चिकटतील. किंवा कपडे पेटीत घट्ट दाबून बंद करावेत म्हणजे उजेड आणि हवा न मिळाल्याने त्या मरतील. राजघराण्यांच्या बखरी कितीही वाचल्या तरी पॅरिसमधील शयनगृहात रात्री काय चालते याचा पत्ता लागत नाही, आणि इथे एका ओळीत तो लागतो. स्वयंपाकघराचा, स्त्रियांच्या कामाचा आणि नोकर-मालक संबंधांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पॉवर यांचे हे भाषांतर म्हणजे मोठीच सोय आहे. मात्र हा नवऱ्याने लिहिलेला उपदेश आहे. बायकोने यातले किती पाळले, याविषयी पुस्तक गप्प आहे.

बेटसनच्या पत्रांचे एवढे कौतुक का होते?

कारण मध्ययुगीन व्यापाऱ्याचा खासगी आवाज फार थोड्या ठिकाणी ऐकू येतो. टॉमस बेटसन हा कॅले बंदरातून लोकर विकणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या संघाचा सदस्य होता. त्याची पत्रे स्टोनर या इंग्रज घराण्याच्या कागदपत्रांत टिकली आणि १९१९ मध्ये छापली गेली. १ जून १४७६ रोजी कॅलेहून त्याने आपल्या वाग्दत्त वधूला, कॅथरिन रिचला, पत्र लिहिले. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तो तिला नीट जेवत जा म्हणजे लवकर मोठी होशील असे सांगतो, आणि आपल्या घोड्याला नमस्कार सांगून त्याच्या वयातली चार वर्षे मागून घे असे सुचवतो. पत्राच्या शेवटी सगळे जेवायला गेले आहेत, नऊचे ठोके पडले आहेत आणि खालून 'जेवायला ये' म्हणून हाका चालल्या आहेत, असे तो लिहितो. दोघांचे लग्न १४७८ मध्ये झाले.

आजच्या वाचकाला कॅथरिनचे वय खटकते, आणि खटकावेच. पॉवर यांनी या पत्रातील मायेवर भर दिला. ज्या व्यवस्थेत बारा वर्षांच्या मुलीचा वाङ्निश्चय व्यापारी सोयरिकीचा भाग असे, तिच्यावर त्या मानाने कमी. शिक्षकाने ही बाजू स्वतःहून मांडावी.

टॉमस पेकॉकचे घर अजून पाहता येते का?

होय. एसेक्समधील कॉगेशॉल येथे १५०० च्या सुमाराचे ते लाकडी घर आहे, १९२४ पासून ते नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जतन करणाऱ्या संस्थेकडे आहे आणि त्याच्या तुळयांवर पेकॉकची व्यापारी खूण कोरलेली दिसते. त्याच्या १५१८ च्या मृत्युपत्रात विणकर आणि कापड कुटणाऱ्या कामगारांसाठी ठेवलेल्या रकमांवरून घरोघर काम वाटून देणाऱ्या उत्पादकाचे चित्र पॉवर उभे करतात.

त्यांनी इतरांबरोबर कोणती साधने उपलब्ध करून दिली?

बरीच. इतिहासकार आर. एच. टॉनी यांच्यासह १९२४ मध्ये इंग्लंडमधील ट्यूडर राजघराण्याच्या काळातील आर्थिक कागदपत्रांचे तीन खंड त्यांनी काढले. हा काळ मध्ययुगाच्या लगेच पुढचा आहे, पण गावकीच्या जमिनी, मजुरी, चलन आणि दारिद्र्य यांविषयीचे कायदे व तक्रारअर्ज विद्यार्थ्यांच्या हाती एकत्र देण्याची कल्पना तीच. मध्ययुगाचे अभ्यासक जी. जी. कूल्टन यांच्यासह त्यांनी मध्ययुगीन ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांची मालिका संपादित केली. वर उल्लेखलेले 'गुडमन ऑफ पॅरिस' तिच्यातलेच.

प्राच्यविद्या पंडित डेनिसन रॉस यांच्यासह संपादित केलेली प्रवासवर्णनांची 'ब्रॉडवे ट्रॅव्हलर्स' ही मालिका मराठी वाचकांना अधिक जवळची वाटेल. अकबर आणि जहांगीर यांच्या दरबारांतील जेझुइटांचे वृत्तान्त तिच्यात आले, तसेच अरबीचे अभ्यासक गिब यांनी इंग्रजीत आणलेला इब्न बतूताच्या प्रवासाचा संक्षेपही, १९२९ मध्ये. हा मोरोक्कन प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादेला येऊन गेला होता आणि देवगिरीच्या किल्ल्याविषयी त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडील मध्ययुगाचा विद्यार्थी अशा प्रकारे आडवाटेने का होईना, पॉवर यांच्या कामाशी जोडला जातो.

त्या स्वतः भारतात आल्या होत्या का?

आल्या होत्या. फ्रेंच बँकर आल्बेर कान यांची प्रवासवृत्ती मिळवून त्या १९२०–२१ मध्ये जगप्रवासाला निघाल्या, आणि त्या प्रवासात भारत व चीन हे मुख्य मुक्काम होते. देशभर असहकाराचे वातावरण तापत होते असा तो काळ. परतल्यावर त्यांनी गर्टन सोडले आणि लंडनला रुजू झाल्या. पुढे युरोपचे मध्ययुग एकटे न पाहता आशियाशी असलेल्या व्यापारमार्गांच्या संदर्भात पाहण्याची जी दृष्टी त्यांच्या लेखनात दिसते, तिचे मूळ या प्रवासात शोधता येते.

लहान मुलांसाठीही त्यांनी लिहिले का?

धाकटी बहीण रोडा हिच्यासह १९२६ मध्ये त्यांनी इतिहासातील मुलामुलींविषयी पुस्तक लिहिले. दोघीही बीबीसीच्या शालेय प्रसारणांसाठी काम करीत. रोडा यांनी तर त्यातच नाव काढले. नाट्यमय संवाद आणि त्या काळातील आवाज वापरून इतिहास ऐकवण्याची ती पद्धत तेव्हा नवी होती.

प्राध्यापक म्हणून त्यांचे संशोधन कोणत्या विषयावर होते?

मुख्यतः इंग्लंडचा लोकरीचा व्यापार. आर्थिक इतिहासाची संघटना १९२६ मध्ये स्थापन करण्यात आणि तिचे नियतकालिक सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. पूर्वी त्यांचे विद्यार्थी असलेले आणि पुढे सहकारी झालेले मायकेल पोस्टन यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये पंधराव्या शतकातील व्यापारावर ग्रंथ संपादित केला आणि १९३७ मध्ये त्यांच्याशीच विवाह केला. ऑक्सफर्डची फोर्ड व्याख्याने त्यांनी १९३९ मध्ये दिली. ती त्यांच्या निधनानंतर १९४१ मध्ये पुस्तकरूपाने आली. मेंढ्यांच्या कळपापासून राजाच्या जकातीपर्यंत आणि तेथून इंग्लंडच्या संसदेच्या वाढीपर्यंत एक धागा त्या व्याख्यानांत ओढलेला आहे, आणि तो अजूनही वाचनीय आहे.

आजच्या संशोधनाच्या दृष्टीने त्यांचे लेखन कालबाह्य झाले आहे का?

काही बाबतींत, निश्चितपणे. नन्सच्या मठांवरील त्यांचे चित्र अधोगतीचे आहे, आणि त्याचा मोठा आधार बिशपांच्या तपासण्या आहेत. तपासणीचा कागद दोष शोधण्यासाठीच लिहिलेला असतो. सुरळीत चाललेल्या मठाविषयी त्यात एक ओळही नसते. नंतरच्या अभ्यासकांनी हिशेब, मृत्युपत्रे आणि देणग्यांच्या नोंदी वापरून हे चित्र बरेच सौम्य केले. बोडोकडे अर्धी पवनचक्की होती असे त्यांच्या इंग्रजीत आहे, पण पश्चिम युरोपात पवनचक्क्या बाराव्या शतकात आल्या, तेव्हा ती पाणचक्कीच असणार. इर्मिनॉनच्या नोंदवहीकडेही आज अधिक संशयाने पाहिले जाते, कारण मठाला जे देणे लागते तेच तिच्यात आहे आणि ज्यांच्याकडून काही येणे नव्हते ते लोक तिच्यातून गळलेले असू शकतात.

तरीही साधनातून प्रश्न काढण्याची त्यांची रीत जुनी झालेली नाही. निष्कर्ष दुरुस्त करून ते प्रकरण शिकवता येते, आणि दुरुस्ती करणे हाच चांगला वर्गपाठ ठरतो.

राजवाड्यांच्या साधनखंडांशी या कामाची तुलना करता येईल का?

मर्यादित अर्थानेच. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता कागद नष्ट होण्यापासून वाचवण्याचा. पॉवर यांच्यासमोर तो प्रश्न नव्हता, त्यांच्या साधनांपैकी बरीच आधीच छापून झाली होती. राजवाड्यांच्या दीर्घ प्रस्तावना अभ्यासकांसाठी होत्या. पॉवर यांनी लिहिले ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी आणि सर्वसाधारण वाचकासाठी. ही तुलना करताना एक उणीव मात्र जाणवते. आपल्याकडे पेशवे दफ्तरातील कागद विपुल छापले गेले, पण एखाद्या कुळाची जमाबंदीतील एकच नोंद घेऊन तिच्यातून एक घर, एक दिवस आणि एक गाव उभे करणारी, विद्यार्थ्यांना हाती देता येतील अशी पुस्तके त्या मानाने थोडी आहेत.

वाचनाची सुरुवात कोठून करावी, आणि हे लेखन मराठीत आणता येईल का?

'मिडीव्हल पीपल'मधील बोडोचे प्रकरण आधी वाचावे, नंतर बेटसनचे, आणि मग 'गुडमन ऑफ पॅरिस' चाळावे. मार्को पोलोचे प्रकरण शेवटी वाचले तरी चालेल, कारण त्याच्याविषयी इतरत्र भरपूर मिळते. लोकरीवरील व्याख्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी पडतील. १९२४ चे पुस्तक आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहे.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. पॉवर यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वतंत्र लेखनावरील तो हक्क त्यामुळे २००० सालाच्या अखेरीस संपला आहे आणि त्याचे मराठी भाषांतर करायला परवानगी लागत नाही. मात्र त्यांच्या मृत्यूनंतर प्रथम छापल्या गेलेल्या मजकुराला वेगळा नियम लागू होतो आणि सहलेखकांबरोबरच्या ग्रंथांत त्या सहलेखकांच्या निधनाचा काळही मोजावा लागतो, म्हणून मध्ययुगीन स्त्रियांवरील त्यांच्या व्याख्यानांचा १९७५ साली पोस्टन यांनी संपादित केलेला संग्रह किंवा पोस्टन यांच्यासह काढलेले ग्रंथ हाती घेण्यापूर्वी आवृत्तीचे वर्ष आणि हक्कदार तपासून घ्यावेत.